हेडफोनमधले पाटील साहेब

पाटील साहेबांना मी जवळजवळ तीन वर्षं सांभाळलं. त्यांचा आवाज मी काढला, त्यांचा खोकला मी खोकले, त्यांच्या धाकट्या मुलासाठी आलेली दोन स्थळं मी नम्रपणे परत पाठवली. आणि एवढं करून एके दिवशी त्यांच्याचमुळं माझी नोकरी जायची वेळ आली. संपादकांनी घरून केलेल्या नोकरीबद्दल लिहा म्हटलं तेव्हा मी आधी टाळत होते, कारण खरं लिहायचं तर पाटलांबद्दल लिहावं लागणार. पण आता मी निवृत्त झाले, पाटील माझ्याही आधी झाले. तेव्हा सांगून टाकते.

मी घरघंट्या दुरुस्त करायचे. घरातच पीठ दळणारी ती कपाटवजा पेटी तुम्ही पाहिली असेल. वरून धान्य टाकायचं, आत पाती गरगर फिरते, धान्य फुटतं आणि जाळीतून पीठ खाली डब्यात पडतं. ज्वारीला एक जाळी, गव्हाला दुसरी, बेसनाला तिसरी. मशीन म्हणाल तर एवढंच. पण ती बिघडली की घरातला प्रत्येक पुरुष मेकॅनिक होतो आणि जी रोज दळते तिला बाजूला व्हायला सांगतो.

धाराशिवला कंपनीचं दुरुस्ती केंद्र होतं, तिथं मी एकोणीस वर्षं होते. सुरुवातीला काम नुसत्या तक्रारी लिहून घ्यायचं. मग आमचा मेकॅनिक एकदा मेव्हण्याच्या लग्नाला गेला तो महिनाभर आलाच नाही, आणि लोक मशीन घेऊन दारात उभे. मी पान्हा हातात घेतला तो कायमचा. पुढं पुढं तर मशीन उघडायच्या आधी मला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं की आत काय झालंय. ह्याचा मला गर्व होता आणि अजून आहे.

मग कंपनीनं जिल्ह्याजिल्ह्यातली केंद्रं बंद केली आणि आम्हा पाचजणींना लॅपटॉप, हेडफोन देऊन घरी बसवलं. आता दुरुस्ती फोनवरून करायची. फारच अडलं तर व्हिडिओ कॉल, आणि त्यानंही नाही जमलं तर चार-पाच दिवसांनी माणूस जाणार. मी येडशीला माझ्या घरात मागच्या खोलीत टेबल मांडलं. कंपनीचा पहिला नियम होता की फोन उचलताना म्हणायचं, "नमस्कार, पुणे मुख्य कार्यालयातून निर्मला बोलतेय." का, तर ग्राहकाला विश्वास वाटतो. आता आमचं घर रेल्वे स्टेशनच्या जवळ. मी पुण्यातून बोलत असताना मागून गाडीची शिट्टी व्हायची. एक आजीबाई म्हणाल्या, "तुमचं हापीस अगदी टेसनालाच लागून दिसतंय की वो." मी म्हटलं, हो, अगदी लागूनच आहे. त्यात खोटं काही नव्हतं.

दुसरा नियम म्हणजे प्रत्येक फोन सात मिनिटांत संपवायचा. हा नियम करणारा माणूस आमच्या भागात कधी फोनवर बोललेला नसावा. आमच्याकडं फोन उचलल्याबरोबर मशीनचं विचारलं तर समोरचा बिथरतो. आधी जेवण झालं का, मग पाऊसपाणी, मग घरात कोण आजारी आहे का, आणि मग मशीन. बरं, संपवायचं तरी कसं? "ठेवू का?" "ठेवा." "बरं मग ठेवते." "व्हय, ठेवा. आन ऐका..." इथून आणखी दोन मिनिटं. माझे फोन सरासरी तेरा मिनिटांचे निघायचे आणि रोज सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये आमचा टीम लीडर सौरभ तो आकडा पडद्यावर लाल रंगात दाखवायचा.

हा सौरभ पुण्याचा, वय अठ्ठावीस, स्वभावानं गोड. त्याला कॅमेरा चालू ठेवलेला हवा असायचा. एकदा मी कॅमेऱ्यासमोर गंभीरपणे बसलेली आणि माझ्यामागं खिडकीच्या गजांना रामलिंगाच्या देवळाकडून आलेलं एक माकड लटकलेलं. सौरभ ग्राहकांच्या अपेक्षांवर बोलत होता आणि माकड लक्ष देऊन ऐकत होतं. बाकीच्या चौघींना हसू आवरेना. सौरभ म्हणाला, "निर्मलाताई, बॅकग्राउंड प्रोफेशनल ठेवा प्लीज." मी त्याला सांगितलं की ते आमच्या टीममध्ये नवीन आहे.

आता पाटील साहेब कसे जन्मले ते सांगते. एक दिवस कळंबहून एका आडत दुकानदाराचा फोन आला. त्याचं पीठ गरम येत होतं. मी म्हटलं, धान्य ओलसर असेल, ऊन दाखवा. तो म्हणाला, "बाई, फोन मेकॅनिकला द्या."

"मीच मेकॅनिक आहे."

"तसं न्हाय वो, मशिनीचं बोलायचंय मला. तिथं कुणी माणूस हाय का?"

मी पुन्हा सगळं समजावून सांगितलं. त्यानं फोन ठेवला आणि मला एक तारा दिला. फोननंतर ग्राहकानं पाचपैकी तारे द्यायचे असतात, त्यावर आमचं भवितव्य. असे एक ताऱ्याचे फोन आठवड्यात चार-पाच तरी यायचे. सगळ्यांचं म्हणणं एकच, साहेबाला द्या.

चौथ्या दिवशी तोच दुकानदार पुन्हा. "साहेबाला द्या." मी म्हटलं, थांबा, देते. फोनवर कंपनीचं बासरीचं संगीत लावलं, माठातलं पाणी प्यायले, आणि परत येऊन एक दणदणीत खोकले. माझा आवाज मुळातच जाड. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला कायम राजाच करायचे, राणी कधी केलं नाही. त्या राजाच्या आवाजात मी म्हटलं, "बोला."

"कोण साहेब बोलताय?"

हे काही मी ठरवलं नव्हतं. पण आमचं खरं आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न गावाचा येतो आणि त्याच्या पुढचा वस्तीचा. ते मला लहानपणापासून पाठ आहे. त्यामुळं ज्याच्यानंतर काही विचारलं जात नाही असं आडनाव तोंडात आलं. "पाटील," मी म्हटलं. "धान्य ओलं आहे. ऊन दाखवा."

"बघा!" तो म्हणाला. "आता कसं ध्यानात आलं! ती बाई उगं काय बी सांगत हुती." पाच तारे.

मला राग यायला हवा होता. खरं सांगते, मला भयंकर मजा आली.

त्या दिवसापासून ज्यानं साहेब मागितला त्याला साहेब मिळाला. पाटील कमी बोलायचे. मी दहा वाक्यांत सांगायचे ते पाटील तीन शब्दांत सांगायचे आणि लोकांना ते जास्त पटायचं. पाटलांना कुणी "तुम्हाला काय कळतंय" म्हणायचं नाही. सौरभचा सात मिनिटांचा नियमही पाटील सहज पाळायचे, कारण त्यांना जेवणाचं विचारण्याची कुणाची हिंमत नव्हती. माझे पती विलास शाळेत क्लार्क होते. ते संध्याकाळी कळंबहून गाडीवरून आले की दारातून विचारायचे, "आज पाटील किती वेळ होते घरात?" भाजीत मीठ जास्त झालं की ते म्हणायचे, पाटलांच्या हातची दिसतेय.

पण खरी गंमत पुढं झाली. बायकांना कळून चुकलं. माझ्यासारख्याच तिखट कानाच्या त्या, साहेब आणि ताई एकाच घशातून बोलतात हे त्यांनी ओळखलं, आणि एकीनंही कुठं तक्रार केली नाही. उलट त्या मला कामं सांगायला लागल्या. "ताई, साहेबाला जरा सांगाया लावा की घरघंटीची पिशवी झटकायचं काम पुरुषांनी करायचं असतंय." ही पिशवी म्हणजे पीठ उडू नये म्हणून आत लावलेलं कापड, ते आठवड्यातून एकदा झटकावं लागतं आणि झटकणारा पांढराफटक होतो. मग पाटील साहेब नवऱ्याला फोनवर घेऊन सांगायचे, "पिशवी रविवारी तुम्ही स्वतः झटकायची. बायकांच्या हातानं शिलाई उसवते." जिल्ह्यातले कितीतरी नवरे रविवारी अंगणात पांढरे होऊन उभे राहायला लागले, ते माझ्यामुळं.

ह्याच काळात ढोकीच्या कमलचा फोन आला. कमलचा नवरा साखर कारखान्यात पाळीवर जायचा. ही घरी घरघंटीवर गल्लीतल्या बायकांचं दळण दळून द्यायची आणि थालीपिठाची भाजणी करून विकायची. तिचे सासरे आप्पा, ऊस आणि म्हशी असलेले, गावात वजन असलेले. महिन्यात तिसऱ्यांदा मशीन जाम झालं होतं आणि आप्पांनी ठरवलं होतं की हे खोकं विकून टाकायचं. खोकं गेलं की कमलचं काम गेलं.

ती अगदी हळू आवाजात बोलत होती. "ताई, कारण मला ठाव हाय. आप्पांनी म्हशीसाठी मका टाकला भरडायला. बेसनाच्या जाळीवर. पर म्या कसं म्हणू? आप्पा इथंच दारात उभे हायेत. तुमी बी म्हणू नका. साहेबाला द्या."

मी म्हटलं, "साहेब कुठून आणू गं मी आत्ता?"

"आणा की. दर बारीला आणता तसं."

मी बासरी लावली, पाणी प्यायले आणि खोकले. पलीकडून आप्पांचा खणखणीत आवाज आला, "साहेब, तुमची मशीन भिकार हाय."

"आप्पा, म्हशी किती तुमच्या?"

"दोन. का वो?"

"घेताना घरघंटीला विचारलं होतं का?"

मला वाटलं, संपलं. आणि मग आप्पा हसायला लागले, इतके की फोन त्यांच्या हातून पडला असावा. मग मी पाटलांच्या आवाजात सांगितलं की मक्याचा भरडा गावातल्या गिरणीतून आणायचा आणि ह्या मशीनला सून सोडून कुणी हात लावायचा नाही, कंपनीचा नियम आहे. असा काही नियम नव्हता. आप्पा म्हणाले, "असं तोंडावर सांगणारा माणूस पायजे. कुठले पाटील तुमी?"

इथं मी फसले. तीन वर्षांत एवढं थेट कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, इकडलाच, मराठवाड्यातला. "परंड्याकडले का?" मी म्हटलं, तिकडं आहेत काही जण. मग आप्पांनी चार गावं घेतली, दोन सोयरिकी काढल्या आणि चार मिनिटांत माझं त्यांच्या चुलत मेव्हण्याशी नातं लावून दिलं. "मंजी पाव्हणंच की आपण!" मी खोकले. त्यांनी ते होकारार्थी धरलं.

कमलचं मशीन राहिलं. दोन महिन्यांनी आप्पा लेकीकडं पुण्याला निघाले. आता आपल्याकडचा माणूस पाव्हण्याच्या गावाला रिकाम्या हातानं जाईल का? त्यांनी ज्वारीचं एक लहान पोतं आणि गुळाची ढेप बरोबर घेतली आणि थेट कंपनीच्या मुख्य कार्यालयात जाऊन उभे राहिले. पत्ता मशीनवरच छापलेला असतो. काचेच्या चकचकीत टेबलावर पोतं ठेवून ते म्हणाले, "आमच्या पाव्हण्याला बोलवा. पाटील साहेबाला."

पुढचं मला सौरभनं सांगितलं. कार्यालयात पाटील तीन निघाले. एक हिशेब खात्यातले, एक पहारेकरी आणि एक कँटीनमधले. आप्पांनी तिघांनाही समोर उभं करून खोकायला सांगितलं. तिघंही खोकले. आप्पा म्हणाले, "ह्यातलं कुणी न्हाय," आणि तिथंच बाकावर बसून राहिले. शेवटी आमचे सर्वात मोठे सर बाहेर आले. फोनच्या नोंदी काढल्या, आप्पांचा फोन माझ्या नावावर निघाला. रेकॉर्डिंग लावलं. आधी माझा आवाज, मग बासरी, मग पाटील.

आठवड्याभरानं सौरभचा फोन आला. बिचारा अडखळत होता. "ताई, सरांनी आणखी कॉल्स ऐकले. दोनशेच्या वर कॉल्समध्ये हे पाटील आहेत. तुमच्या आयडीवर बाहेरचा माणूस काम करतोय असं दिसतंय. हे फार सीरियस आहे. सर म्हणतात, तुमचे मिस्टर असणार."

मी हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"आणि ताई... सरांना ते टेक्निकलला खूप चांगले वाटले. सर म्हणतात, नियमाप्रमाणे तुम्हाला थांबवावं लागेल. पण मिस्टरांची इच्छा असेल तर तुमच्या जागेवर त्यांना घेता येईल."

मी फोन ठेवला. कुणी "ठेवू का" म्हणायच्या आत फोन ठेवण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. एकोणीस वर्षं हात पिठानं आणि ग्रीसनं माखून जे शिकले, त्याची तारीफ झाली आणि ती विलासच्या नावावर गेली. ज्यांना ज्वारीची जाळी आणि पुरणाची जाळी ह्यातला फरक आजतागायत सांगता येत नाही! मला रडू आलं. आणि सगळ्यात वाईट हे वाटलं की त्यात माझाच हात होता. त्या दुकानदारानं एक तारा दिला तेव्हा मी भांडले असते, तर पाटील जन्मलेच नसते. मला मजा हवी होती.

संध्याकाळी विलासना सगळं सांगितलं. ते चपला काढता काढता थांबले आणि म्हणाले, "मला घेतायत? मग उद्यापासून डबा कोण करणार?" मी असं पाहिलं की त्यांनी चहा स्वतः केला. मग समोर बसून शांतपणे म्हणाले, "उद्या मीटिंगला मला बसव. पाच मिनिटं. बाकी तू बघ."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पडद्यावर सौरभ, बाकीच्या चौघी आणि मोठे सर. सरांच्या मागं दिवाणखान्यासारख्या हॉलमध्ये दाखवायची घरघंटी ठेवलेली. विलास इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसले. सर म्हणाले, "नमस्कार, पाटील साहेब. हे मशीन आज सकाळपासून आवाज करतंय. काय झालं असेल, सांगा."

विलास म्हणाले, "सर, मला एवढंच माहीत आहे की वरून टाकलं की खालून येतं. आमच्या घरची चाळणी कुठं असते ते मी बावीस वर्षांत विचारलेलं नाही. पाटलांना बोलावतो." आणि उठले.

मी खुर्चीत बसले. कॅमेऱ्यात नीट बघितलं. हेडफोन लावला आणि खोकले.

सौरभचं तोंड उघडं पडलं. चौघींमधल्या कोल्हापूरच्या वैशालीनं पदर तोंडात कोंबला. मी पाटलांच्या आवाजात म्हटलं, "मशीन चालू करा. माईक मशीनजवळ आणा. आता बंद करा. पुन्हा चालू करा."

सरांनी केलं. सुरू होताना खडखड, मग जवळजवळ गप्प, बंद होताना पुन्हा खडखड. हा आवाज मी झोपेत ओळखेन. बेअरिंग गेलं असतं तर मधेही गप्प बसलं नसतं.

"मशीनला काही झालेलं नाही," मी म्हटलं, आणि बोलता बोलता माझ्याच आवाजात आले. "ते लटपटतंय. पुढच्या चाकाखाली कुणीतरी काहीतरी सारलंय. बघा, सर."

सर खाली वाकले आणि चाकाखालून घडी घातलेलं पुठ्ठ्याचं पाकीट काढून हातात घेऊन उभे राहिले. ते त्यांनी स्वतःच घातलं होतं.

"म्हणजे सगळे कॉल्स तुम्हीच केलेत?"

"सगळे."

"पण हे ग्राहकाशी खोटं बोलणं झालं, मॅडम."

"हो, झालं," मी म्हटलं. "येडशीत बसलेल्या बाईला तुम्ही पुण्यात बसवलंत, सर. मी तिला फक्त मिशा लावल्या."

खिडकीत माकड येऊन बसलं होतं, ह्या वेळी त्याला कुणी हसलं नाही. मग सरांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले की माझी नोकरी राहील. आणि ह्यापुढं ते जे म्हणाले ते ऐकून मला त्यांचा रागही येईना. ते म्हणाले, पाटील साहेबांचे तारे टीममध्ये सर्वात जास्त आहेत, ग्राहकांची तशी अपेक्षा दिसते, तर पाचही जणींनी पाटील का सुरू करू नयेत? सौरभनं लिहूनसुद्धा घेतलं.

मी म्हटलं, "नको, सर. पाटील आजपासून निवृत्त."

त्यानंतरचे दोन-तीन महिने वाईट गेले. साहेबाला द्या म्हटलं की मी सांगायचे, साहेब निवृत्त झाले, त्यांचं काम आता मी बघते. काहीजण हळहळले. एकानं विचारलं, त्यांना मानधनावर परत बोलावता येणार नाही का. आडत दुकानदारानं पुन्हा एक तारा दिला. रविवारी पिशव्या झटकणं बंद पडल्याचं मला दोघी-तिघींनी कळवलं आणि त्याचं दुःख मला आजही आहे. पण "पुणे मुख्य कार्यालयातून" म्हणणं मी सोडलं. "येडशीहून निर्मला बोलतेय," मी म्हणायचे. सौरभनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि अशात एका सकाळी, मीटिंग संपवून मी उठत होते तर दारात फटफटी थांबली. विलासना त्या दिवशी सुट्टी होती, त्यांनी दार उघडलं. बाहेर फेटेवाले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, खांद्यावर पोतं.

"पाटील साहेब हायेत का घरी?"

आवाज ओळखीचा होता. विलास म्हणाले, "या की, बसा." गृहस्थ आत आले. त्यांनी विलासकडं एकदा बघितलं आणि मान हलवली, कार्यालयातल्या तिघांना बघून हलवली असेल तशीच. मग भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं पाहिलं. उडतं नाही, थांबून, नीट. मी वाट बघत उभी होते. पाटील आडनावानं तीन वर्षं जे झाकलं होतं ते सगळं त्या भिंतीवर होतं.

"पाणी द्या," आप्पा म्हणाले, आणि टेकून बसले.

मी पाणी दिलं. ते पूर्ण तांब्या प्यायले. मग म्हणाले, "पुण्याच्या त्या पोरानं मागनं फोन करून मला खरं काय ते सांगितलं. तुमी येडशीला बसता म्हणला. मला हसावं का रडावं कळंना. ढोकीचं पोतं म्या पुण्याला न्हेलं, आन माणूस हाकेच्या अंतरावर! ते पोतं तुमच्या हापिसानं खाल्लं. हे दुसरं हाय."

मी म्हटलं, "आप्पा, मी पाटील नाही. आणि तुम्ही म्हणता त्या परंड्याच्या..."

"ऐका," त्यांनी हात वर केला. "नातं म्या लावलंय. चुलत मेव्हण्याला बी सांगून बसलोय. आता ते मोडता येत न्हाय, साहेब."

ते 'साहेब' मला म्हणाले होते. विलास स्वयंपाकघरात चहा टाकायला निघून गेले, आणि बरं झालं गेले, कारण माझे डोळे भरून आले होते.

आप्पा मात्र अजून चुळबुळत होते. त्यांनी दाराकडं बघितलं, मग बंडीच्या खिशातून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून हळूच माझ्यासमोर ठेवलं. मी टॉवेल उघडला. बेसनाची जाळी होती, मधोमध मुठीएवढी फाटलेली.

"कमलला ठाव न्हाय," ते कुजबुजले. "ती माहेरी गेलीय. उंद्या येती."

"मका?"

"एकच म्हस हाय आता," ते म्हणाले.

मग मी त्यांना बोलले. त्यांच्या वयाचा, फेट्याचा, पोत्याचा, कशाचाही मुलाहिजा न ठेवता बोलले. मशीन कुणाचं, त्यावर पोट कुणाचं चालतं, आणि दुसऱ्याच्या कामाच्या वस्तूत हात घालताना विचारायचं असतं, हे सगळं दहा वाक्यांत सांगितलं, तीन शब्दांत नाही. आप्पा मान खाली घालून "व्हय साहेब, व्हय साहेब" म्हणत सगळं ऐकून घेत होते. मी कपाटातून नवी जाळी काढून त्यांच्या टॉवेलात बांधून दिली.

ते गेल्यावर विलास चहाचे कप घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडं बघत राहिले. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, एवढं सगळं बोलताना मी एकदाही खोकले नव्हते.